२०१३ ची ३९० ड्यूक आणि तिसऱ्या पिढीची ३९० ड्यूक: ताम्हिणीत अदलाबदल

कासवगती (धागाकर्ता):

जुनी घ्यावी की नवी, हा एकच प्रश्न बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवून विचारला, म्हणून सगळं एकदाच इथे लिहितो. माझ्याकडे केटीएमची पहिल्या पिढीची ३९० ड्यूक आहे, २०१३ ची. भाच्याने गेल्या वर्षी तिसऱ्या पिढीची घेतली. दोन्ही चाकणच्या कारखान्यातल्याच. पाऊस आटोपून रस्ता वाळला तशी आम्ही पौडला चहा घेतला, मुळशीच्या पुढे चाव्या बदलल्या आणि माणगावपर्यंत जाऊन परत येईस्तोवर आलटून पालटून चालवल्या. डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नाही, स्टॉपवॉच नाही. बुडाला आणि मनगटाला जे कळलं तेवढंच सांगतो.

आधी कागद. जुनी ३७३ सीसी, ४३.५ पीएस (अश्वशक्ती), ३५ न्यूटन मीटर टॉर्क. नवी ३९९ सीसी, ४६ पीएस, ३९ न्यूटन मीटर. म्हणजे अडीच घोडे वाढले. वजन मात्र जुनीचं १५४ किलो आणि नवीचं १६८. भागाकार केला तर टनामागे जुनीला २८२ पीएस पडतात, नवीला २७४. किंमत पाहा: जुनी जून २०१३ मध्ये १.८० लाखाला आली (दिल्ली, एक्स-शोरूम), नवी सप्टेंबर २०२३ मध्ये ३.११ लाखाला. दहा वर्षं थांबून, सव्वा लाखाहून जास्त मोजून, गाडी कागदावर पाव पाऊल मागेच गेली. अनेकजण इथेच थांबतात आणि 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळे होतात.

आता रस्ता. दोन्ही इंजिनांचा बोअर ८९ मिमीच आहे. वाढलाय तो स्ट्रोक, ६० चा ६४ झाला. जुनीची पूर्ण ताकद ९,५०० आरपीएमला येते, नवीची ८,५०० लाच. टॉर्क जुनीत ७,२५० ला, नवीत ६,५०० ला. ही वाक्यं वाचून काही कळत नाही, पण घाटातल्या चढावरच्या हेअरपिन वळणात कळतं. जुनीत दुसऱ्या गिअरात टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि दुसऱ्यात टाकली की मूठ हलकी धरावी लागते, नाहीतर पुढचं चाक हवेत यायला बघतं. नवी तिसऱ्यातच गपगुमान वर येते. चार हजारांच्या आसपास तिला जी ओढ आहे ती जुनीला नाहीच. सहा हजारांच्या वर मात्र उलटं. जुनी तिथे जी पिसाळते, त्याला तोड नाही. नवीही पळते, पण शहाण्यासारखी पळते.

खरा फरक मला इंजिनात नाही दिसला. डोंगरवाडी सोडली की उतारावर एक ठिगळांचा तुकडा लागतो, डांबरावर डांबर, मध्येच खडी. जुनीवर मी तो तुकडा वर्षानुवर्षं पायाच्या पेगवर उभा राहून काढतो, कारण पुढचा फोर्क (चाक धरणाऱ्या दोन नळ्या) जसा आहे तसा आहे, त्याला फिरवायला काही दिलेलंच नाही. मागच्या मोनोशॉकला फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण. नवीत फोर्कच्या डोक्यावर दोन बटणं आहेत, डावीकडे कॉम्प्रेशन (फोर्क दबताना किती अडायचा), उजवीकडे रिबाउंड (परत उसळताना किती अडायचा), पाच-पाच क्लिक, बोटांनी फिरतात, पाना लागत नाही. मागे रिबाउंडला पाच आणि प्रीलोडला दहा पायऱ्या. भाच्याने गाडी घेतल्यापासून त्यांना हात लावलेला नव्हता. मी गाडी बाजूला घेतली, कॉम्प्रेशन दोन क्लिक सैल केलं, रिबाउंड एक. तोच तुकडा परत चालवला, बसून. हँडल हातात नुसतं थरथरलं, उडालं नाही. भाच्याला चालवायला दिली तर म्हणतो, "मामा, ही माझीच गाडी का?"

तर माझं मत असं: नव्या गाडीचे जास्तीचे पैसे त्या दोन नळ्यांच्या डोक्यावर आहेत. ती बटणं फिरवणार नसाल, तर चांगली ठेवलेली जुनी घ्या आणि उरलेल्या पैशात टायर, हेल्मेट, जॅकेट घ्या. टायरचं माप तर दोन्हींचं सारखंच आहे, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही १७ चे.

ब्रेकचं वेगळं लिहितो, भूक लागलीय.

---

सुसाट_संज्या:

२८२ विरुद्ध २७४. जुनी जिंकली. धागा बंद करा.

---

बोरिवली_टू_बीकेसी:

लेख छान. पण मला एक सांगा, ही गाडी चालवायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. अटल सेतूवर बंदी. कोस्टल रोडवर बंदी. राहतो तो पश्चिम द्रुतगती महामार्ग, ज्यात 'द्रुत' फक्त पाटीवर आहे. त्यात लिक्विड कूल्ड इंजिन म्हटलं की सिग्नलला फॅन सुरू होतो आणि सगळी गरम हवा मांडीवर. सकाळी नऊला दहिसर चेकनाक्याला उभं राहून दाखवा, मग जुनी-नवी बोलू. माझ्याकडे स्कूटर आहे. डिकीत डबा बसतो.

---

कासवगती:

बोरिवलीकर, तुमच्या पहिल्या मुद्द्यातच माझ्या लेखाचं उत्तर आहे. १६० ची टॉप स्पीड आपल्याकडे कायदेशीररीत्या वापरायला जागाच नाही. मग वरच्या आरपीएमची ताकद मोजत बसण्यात काय अर्थ? आपल्याला मिळतात ते घाट, राज्य मार्ग आणि गावातले गतिरोधक. तिथे खालचा टॉर्क, सस्पेन्शन आणि ब्रेक हेच कामाला येतात. डब्याचा मुद्दा मान्य.

ब्रेक: पुढची डिस्क ३०० ची ३२० मिमी झालीय, मागची २३० ची २४०. पण फरक डिस्कचा कमी आणि डोक्याचा जास्त. जुनीतल्या एबीएसला चाक अडकतंय का एवढंच कळतं. गाडी सरळ आहे की वळणात पडलीय हे त्याला ठाऊक नसतं. नवीत कलण्याचा कोन मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे वळणाच्या मध्यात ब्रेक दाबला तर ती कोन बघून दाब ठरवते. ताम्हिणीत वळणाच्या आतल्या अंगाला खडी वाहून आलेली असते, समोरून एसटी येते, आणि ब्रेक नेमका तिथेच दाबावा लागतो. ही सोय रोज लागत नाही. लागते तेव्हा दुसरं काही उपयोगाचं नसतं.

---

रानजाई:

उंचीचं कोणीच बोलत नाही, कारण इथे सगळे साडेपाच फुटांच्या वरचे. मी पाच फूट दोन इंच. नाशिकहून इगतपुरी, कसारा, भंडारदरा अशी फिरते.

पहिल्या पिढीची सीट ८०० मिमी होती. २०१७ ला दुसरी पिढी आली आणि सीट थेट ८३० च्या घरात गेली. तेव्हा मी ट्रायल घेतली होती, सिग्नलला एक पाय पेगवर आणि दुसऱ्याचा अंगठा जमिनीला. नवीत कंपनीने मोनोशॉक मधोमध न ठेवता उजव्या बाजूला सरकवलाय, त्यामुळे सीट परत ८०० ला आणता आली. सरकवल्यामुळे एअरबॉक्सलाही (इंजिनला हवा देणाऱ्या डब्याला) जागा मिळाली म्हणतात, ते इंजिनवाल्यांनी सांगावं. माझ्यासाठी एवढं पुरेसं की दोन्ही पायांचे चवडे टेकतात.

पण ८०० म्हणजे ८०० नसतं. जुनीची सीट पुढे निमुळती आहे, नवीची मांडीपाशी जरा रुंद. आकडा तोच असून जुनीवर माझा पाय जास्त टेकतो. आणि गाडी चालवताना नाही, पार्किंगमधून मागे ढकलताना चौदा किलो कळतात. उतारावर तोंड करून कोणी लावली असेल तर विचारूच नका.

मुलींनो, ब्रोशर वाचू नका, बूट घालून शोरूममध्ये जा आणि बसून बघा. सेल्समन म्हणेल "मॅडम, सवय होते". होत नाही.

---

सुसाट_संज्या:

रानजाईताई, "सवय होते" हे मलाही सांगितलं होतं. हप्त्यांबद्दल.

---

पान्याचा_धनी:

माझं भोसरीत गॅरेज आहे, या गाड्या रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितो. कासवगती साहेबांचं 'चांगली ठेवलेली जुनी घ्या' हे वाक्य सोपं आहे. चांगली ठेवलेली मिळते कुठे? पहिल्या पिढीची ३९० ज्यांनी घेतली ते तेव्हा वीस-बावीसचे होते. गाडीने काय काय पाहिलंय ते गाडीलाच माहीत.

बघायला जाल तेव्हा मालकाशी बोलण्याआधी गाडीशी बोला.

इंजिन गार पाहिजे. हात लावून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर त्याला काहीतरी लपवायचंय. गार इंजिन सुरू करून टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) आवाज ऐका, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) रंग बघा. तपकिरी गाळ दिसला की नमस्कार करून निघा.

मग पुढचा फोर्क. या गाड्यांचा फोर्क उलटा असतो, म्हणजे क्रोमची नळी खाली, चाकापाशी. त्यामुळे चिखल, खडे सगळे तिच्यावरच बसतात. नळीवर नखाने वरून खाली खरवडा. खड्डा लागला तर सील आज गळत नसेल, उद्या गळेल. सील बदलून उपयोग नाही, खड्डा नव्या सीललाही कापतो.

टी-स्टेमचे बेअरिंग, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते. या गाडीला मेन स्टँड नाही, म्हणून एकाने मागून तोलून पुढचं चाक उचलून धरा आणि दुसऱ्याने हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवा. मधोमध टक्कन अडकलं तर गाडी व्हीलीवर (पुढचं चाक उचलून) जगलीय असं समजा. नंबरप्लेटचा ब्रॅकेट कापलेला असेल तर तीच गोष्ट.

सर्वांत महत्त्वाचं, मागून दोन पावलं लांब उभे राहून शेपटी बघा. पहिल्या पिढीची फ्रेम एकसंध आहे, मागचा सांगाडा तिलाच जोडलेला. गाडी मागून ठोकली असेल आणि शेपटी वाकडी असेल तर तो खर्च फ्रेमचा. दुसऱ्या पिढीपासून मागचा सांगाडा बोल्टने लावतात, नवीत तो अॅल्युमिनियमचा आहे. वाकला तर तेवढाच बदलता येतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर नसेल तर बोटाने कड चाचपा, कंगोरा उभा राहिलाय का ते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत आणि टायर सात वर्षांचा, असंही बघितलंय.

किलोमीटरच्या आकड्यावर मी बोलत नाही. ग्रिप आणि पेगची रबरं बघा, ती खोटं बोलत नाहीत.

---

चिकट_हिशेबी:

धनीभाऊ, प्रिंट काढून ठेवतोय.

दोन गोष्टी माझ्याकडून. एक, स्ट्रोक वाढवला म्हणून इंजिन जास्त ताणलं जातं असं काही लोक म्हणतात. गणित उलटं आहे. ६० मिमी स्ट्रोक ९,५०० ला चालवला तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर येतो. ६४ मिमी ८,५०० ला चालवला तर १८.१. नवं इंजिन कमी धावून जास्त देतंय.

दोन, जुन्या गाडीचा खरा हिशेब. २०१३ च्या गाडीची नोंदणी २०२८ ला संपते, म्हणजे फिटनेस, पर्यावरण कर आणि आरटीओच्या चकरा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्याने एचएसआरपी पाट्या (नव्या सुरक्षित नंबरप्लेट) बसवल्यात का ते बघा, नसतील तर तेही तुमच्याच गळ्यात. पंपावर आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे होज (रबरी नळ्या) आणि सील इथेनॉल धरून बनवलेले असतात, २०१३ च्या गाडीचे नाहीत. गाडी पेटणार नाही, पण पेट्रोलच्या होजला भेगा पडतायत का ते दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

नवीचा हिशेबही गोड नाही. २०२५ च्या सुरुवातीला किंमत २.९५ लाखावर आली होती, तेव्हा घेतली त्यांनी घेतली. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आणि ३५० पर्यंत १८. ३९९ वाला थेट वरच्या खणात. आपल्याकडचा रोड टॅक्स आणि विमा धरला की साडेतीन लाख कधीच मागे पडतात.

---

पान्याचा_धनी:

होजचं बरोबर. टाकीखालचा आधी जातो, बाहेरून दिसत नाही.

---

इसारकाठचा_मराठी:

म्युनिकहून नमस्कार. इथे मी तिसऱ्या पिढीचीच चालवतो. फ्रेमवर 'मेड इन इंडिया' बघून जर्मन सहकारी भुवया उंचावतात, मी चाकण कुठे आहे ते नकाशावर दाखवतो.

कासवगतींच्या कागदी कोड्याचं एक उत्तर युरोपात आहे असं मला वाटतं. इथे १८ वर्षांपासून ए-टू परवाना मिळतो, त्याची मर्यादा ३५ किलोवॅट. ही गाडी ३३ किलोवॅटची. म्हणजे डोकं छताला जवळजवळ लागलेलंच आहे. ताकद आणखी वाढवली तर तीच गाडी घेणारं गिऱ्हाईक हातचं जाईल. मग इंजिनीयर काय करणार? तेवढ्याच ताकदीत टॉर्क खाली आणणार, सस्पेन्शन सुधारणार, इलेक्ट्रॉनिक्स घालणार. दहा वर्षांत तेच झालंय.

वजनाचंही तसंच. २०१३ ची गाडी भारतात बीएस-३ (धुराच्या नियमांची पायरी) होती. त्यानंतर २०१७ ला बीएस-४, २०२० ला बीएस-६ आणि २०२३ ला त्याचा दुसरा टप्पा. प्रत्येक वेळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, नळ्या वाढल्या. वर टाकी ११ लिटरची १५ झाली, त्यातच भरल्या टाकीला तीन किलो आले. चौदा किलोंतले बरेचसे कायद्याने आणि पेट्रोलने घातलेत.

हो, आणि कंपनीचं काय होणार हा प्रश्न इथेही विचारतात. २०२४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियात, केटीएमच्या घरी माटिगहोफेनला दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा इथले डीलर रडकुंडीला आले होते. २०२५ मध्ये बजाजने पैसे ओतून ताबा घेतला. ३९० च्या पार्ट्सची काळजी मी तरी करत नाही, ते तसेही तुमच्याच गावाहून येतात.

---

सुसाट_संज्या:

११ लिटरवरून आठवलं. जुनीवाल्यांना विचारा, महाबळेश्वरहून आंबेनळी उतरून पोलादपूरला पोहोचेपर्यंत किती वेळा फ्युएलचा दिवा बघतात ते. पंचवीसचं अॅव्हरेज धरलं तरी पावणेतीनशेला टाकी कोरडी. १५ लिटरवाला हसत पुढे जातो.

---

मामाचा_भाचा:

मीच तो भाचा. मामा, तू माझी इज्जत काढलीस ते ठीक, पण धाग्याचा निष्कर्ष मला पटलेला नाही.

एक, मी रोज वाकडहून हिंजवडीला जातो. तिथे क्लिकर (तुझी फोर्कची बटणं) कोणत्याही आकड्यावर ठेवा, खड्डा तो खड्डाच. रोज कामाला येतो तो क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलतो तो) आणि हलका क्लच. दोन, पावसात रेन मोड. मूठ पिळली तरी गाडी विचार करून ताकद सोडते. तुझ्या गाडीत मुठीपासून थ्रॉटलपर्यंत थेट केबल आहे, पावसाळी सकाळी चांदणी चौकात रंगवलेल्या पट्ट्यांवरून ती नेताना माझा श्वास अडकला होता. तू म्हणालास, "मनगटाला अक्कल पाहिजे." सगळ्या मनगटांना नसते ना मामा. मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल त्यांच्यासाठीच आहे.

त्यामुळे जास्तीचे पैसे फोर्कच्या डोक्यावर नाहीत, ते सीटखालच्या काळ्या डबीत आहेत. क्लिकर कोणी फिरवत नाही हे तूच लिहिलंयस. इलेक्ट्रॉनिक्सला कोणी फिरवावं लागत नाही, ते आपोआप काम करतं.

लाँच कंट्रोलबद्दल (जागेवरून झपाट्याने सुटायची सोय) मात्र काही बोलत नाही. वाकडच्या सिग्नलला ते लावून बघायची हौस एकदाच असते.

---

कासवगती:

भाचेबुवा, मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. इलेक्ट्रॉनिक्स आपोआप काम करतं म्हणूनच ते धोक्यावर काम करतं, आनंदावर नाही. तुझी डबी वर्षातून चार वेळा तुला वाचवेल, आणि वाचवावंच. फोर्क नीट लागलेला असेल तर टायर रस्ता सोडत नाही, म्हणजे त्या चारातल्या दोन वेळा डबीला उठावंच लागणार नाही. खराब रस्त्यावर चाक उडालं तर जगातला कोणताही ट्रॅक्शन कंट्रोल हवेत पकड शोधू शकत नाही.

आणि केबलचं म्हणशील तर सहा हजारांच्या वर जुनी मुठीला जी लागून चालते, ते तुझ्या इलेक्ट्रॉनिक मुठीत मला नाही सापडलं. तुझी आज्ञा घेते, माझी सोबत येते. याला आकडा नाही, म्हणून मूळ लेखात लिहिलं नव्हतं.

---

रानजाई:

मामा-भाचे दोघांचंही बरोबर, पण मागे कोणी बसत असेल तर? माझी धाकटी बहीण बसते. जुनीच्या मागच्या सीटवर ती इगतपुरीपर्यंतच टिकली.

---

कासवगती:

मागच्या सीटबद्दल दोन्ही गाड्यांची बाजू घेणार नाही, दोन्ही शिक्षाच. निदान प्रीलोड दोन्हींत वाढवता येतं. बहीण बसणार असेल तर तीन-चार पायऱ्या कडक करा, नाहीतर मागचा भाग बसतो, पुढचा दिवा झाडांच्या शेंड्यांवर जातो आणि वळणात हँडल जड लागतं. उतरली की परत सैल करायला विसरू नका.

दिव्यावरून आठवलं, जुनीचा हॅलोजन आहे, नवीचा एलईडी. रात्री नवी कितीतरी बरी. धुक्यात मात्र मला अजून हॅलोजनचा पिवळटपणा बरा वाटतो. यावर भांडण होणार हे माहीत आहे.

---

बोरिवली_टू_बीकेसी:

भांडत नाही. स्कूटरचा दिवा तर मेणबत्तीच आहे.

---

नवखा_राइडर:

सगळा धागा दोनदा वाचला. मी साताऱ्यात, वय २४, आतापर्यंत १५० सीसी चालवलीय. बजेट अडीच लाख, त्यातच हेल्मेट-जॅकेट. नवी ३९० बसत नाही. पहिल्या पिढीची म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांतली गाडी, भीती वाटते. मधली, दुसऱ्या पिढीची कशी? २०२१ ची एक बघितलीय, पहिलाच मालक. नाहीतर मित्र म्हणतो नवीच घे पण दुसरी, बजाजची एनएस४००झेड किंवा ट्रायम्फची स्पीड ४००.

---

चिकट_हिशेबी:

मित्राचं ऐकायला हरकत नाही. एनएस४००झेड मे २०२४ मध्ये १.८५ लाखाला आली, तेव्हा ३७३ सीसी, ४० पीएस, म्हणजे जुन्या ड्यूकच्याच कुळातलं इंजिन. स्पीड ४०० ही जुलै २०२३ ची, आली तेव्हा ४० पीएस, ३७.५ न्यूटन मीटर, स्वभावाने शांत. दोन्हींना वॉरंटी मिळेल, नोंदणी नवी, ई२० ची कटकट नाही. कासवगतींची लाडकी बटणं दोन्हींत नाहीत.

---

इसारकाठचा_मराठी:

१५० वरून थेट ३९० ला आधी सवय करून घ्या. पहिले दोन महिने मागे कोणाला बसवू नका.

---

पान्याचा_धनी:

नवखा, २०२१ ची असेल तर ती बीएस-६ वाली, त्यात क्विकशिफ्टरही आहे आणि ३२० ची डिस्क. मधली पिढी वाईट नाही. राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल) आहे, टीएफटी (रंगीत पडदा) आहे, टाकी १३.४ लिटर. सीट उंच आहे, तुझी उंची किती? गाडीने एवढ्यात फार त्रास पाहिला नसेल तर मी हीच घेईन. नवीन मुलाला वॉरंटी हवी असेल तर मात्र एनएस.

माझ्या एका गिऱ्हाइकाने एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून 'पहिलाच मालक' म्हणून गाडी आणली होती, आरसी उघडली तर तिसरा निघाला. दुकानाचं नाव घेत नाही. तू परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालकाचा क्रमांक आणि विमा आधी बघ, मग गाडी.

---

नवखा_राइडर:

उंची पाच-नऊ. आरसीवर पहिलाच मालक, साइटवर तपासलं. शनिवारी बघायला जातोय. टी-स्टेम बघायला दुसरा माणूस लागेल म्हणालात, मित्राला नेतो. अजून काही?

---

पान्याचा_धनी:

सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांग, "गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू." त्याने का विचारलं तर सांग, मेकॅनिकने सांगितलंय. तरीही इंजिन गरम सापडलं तर किमतीची घासाघीसही करू नकोस, सरळ परत ये.

---

मामाचा_भाचा:

आणि शनिवारी निघालाच आहेस तर परतताना कासमार्गे जा. रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा असतात.

---

कासवगती:

भाच्या, क्लिकर परत मूळ जागेवर आणलेस का? काल बिल्डिंगखाली गाडी बघितली, कॉम्प्रेशन पाच वर होतं. हिंजवडीला चाललायस की ट्रॅकवर?